दातांतली फट आणि रबराचा ताण: तार बसवण्यापासून रिटेनरपर्यंत

"मॅडम, दोन-दोन लावून राहिलो मी. लवकर बुजेल ना?"

दहावीतला मुलगा. खुर्चीत मागे रेलून त्याने तोंड उघडलं तर दोन्ही बाजूंना एकेकाऐवजी दोन-दोन रबरं. मावशीच्या लग्नाआधी फट मिटवून टाकायचा त्याचा बेत होता. आई बाजूला उभी. "मी म्हणून राहिली याले, मॅडमले विचार आधी. आयकते कुठं!" फट मोजली. महिन्यापूर्वी होती तेवढीच. सुळा मात्र बोट लावू देत नव्हता, आणि खालच्या दाढा, ज्यांना जागचं हलू द्यायचंच नव्हतं, त्या पुढे सरकल्या होत्या.

नागपुरात दातांना तार लावायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. महिन्यातून दोन-चार वेळा तरी हा प्रश्न येतोच. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते: रबर काय करतं, कोणत्या टप्प्यावर कोणतं लागतं, घरी ते कसं लावायचं, आणि कुठे हात आखडता घ्यायचा.

रबराने ओढलं की आत काय होतं

दात हाडात सिमेंट लावून बसवल्यासारखा नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात. रबराने दात एका बाजूला ओढला की पुढच्या बाजूला हा थर दबतो, मागच्या बाजूला ताणला जातो. दबलेल्या बाजूला एक-दोन दिवसांत हाड विरघळवणाऱ्या पेशी जमायला लागतात, ताणलेल्या बाजूला नवं हाड घालणाऱ्या. दात सरकतो तो या दोन टोळ्यांच्या कामामुळे. रबर फक्त कामाची ऑर्डर देतं.

ऑर्डर फार जोरात दिली तर काम बंद पडतं. दाब वाढून त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटल्या की तिथल्या पेशी मरतात. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. जोराचा दाब दिलेल्या ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली ऊती काचेसारखी दिसत होती. असा मेलेला भाग साफ करायला शरीराला दोन-तीन आठवडे लागतात, तेही हाडाच्या मागच्या बाजूने पोखरत. तोवर दात ढिम्म. पुढे १९३२ मध्ये दातांचे डॉक्टर श्वार्त्झ यांनी हिशेब मांडला की दाब केशवाहिन्यांमधल्या रक्तदाबाच्या वर जाऊ नये, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २० ते २६ ग्रॅम. आज इतकं काटेकोर कोणी मोजत बसत नाही, पण दिशा तीच आहे. दात नुसता कलवायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम पुरतात. मुळासकट सरळ सरकवायचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम. १०० ग्रॅम म्हणजे हातावर घेतलेलं एक लहानसं संत्रं. तेवढंच.

आमच्या दहावीतल्या साहेबांनी दोन संत्री लटकवली होती.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसातून चार ते सहा तासांपेक्षा कमी वेळ ताण राहिला तर पेशी बहुधा जाग्याच होत नाहीत. त्यामुळे रात्री झोपताना जोरदार रबर आणि दिवसभर सुट्टी यापेक्षा हलकं रबर दिवसभर असलेलं केव्हाही बरं. इतकं सगळं नीट जमलं तरी वेग महिन्याला अर्धा ते एक मिलिमीटर. दाढेपुढचा दात काढून केलेली जागा साधारण सात मिलिमीटरची असते. हिशेब तुम्हीच करा.

दोन बैल, एक दोर

रबराला दोन टोकं असतात आणि ते दोन्हीकडे सारखंच ओढतं. दोन बैल एकाच दोराने एकमेकांना बांधले तर कमजोर बैल ओढला जातो. तोंडातही तसंच. पुढचे दात मागे यायला हवेत तर मागच्या दाढा जड पडायला हव्यात. म्हणून आम्ही मागच्या दोन-तीन दाढा तारेने एकत्र बांधतो. कधी टाळूवरून आडवी पट्टी टाकतो, कधी हाडात दीडेक मिलिमीटर जाडीचा बारीक स्क्रू बसवून त्यालाच ओढतो. स्क्रू हाडाला धरून असतो, तो सहसा पुढे येत नाही. आमचे निम्मे डावपेच नको तो दात जागेवर ठेवण्याचेच असतात. पेशंटला ते दिसत नाहीत, आणि मग विचारलं जातं, "मॅडम, या महिन्यात काहीच केलं नाही का?"

आणखी एक अडचण. रबर दाताच्या वरच्या भागाला ओढतं, पण दाताचा तोल मुळाच्या मध्याच्या आसपास असतो. पावसात भिजलेल्या काळ्या मातीत रोवलेला खांब वरून ओढून पाहा. तो सरकत नाही, कलतो. दातही कलतो. ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) खाचेत घट्ट बसणारी चौकोनी स्टीलची तार त्याला कलू देत नाही, मूळही वरच्या भागाबरोबर आणते. रबर आणि तार हा जोडीचा खेळ आहे. तारेशिवाय नुसतं रबर म्हणजे संकट. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पहिला टप्पा: फट का आहे?

याआधी रबराचं नावही काढायचं नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसली की आई-बाबा धावत येतात. बहुतेकदा मी त्यांना परत पाठवते. या वयात हिरडीच्या आत खाली उतरणारे सुळे शेजारच्या मुळांना ढकलत असतात, त्यामुळे पुढचे दात पंख्यासारखे फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे आले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट आपसूक मिटते. तिथे घाईने दात जवळ आणले तर त्यांची मुळं येणाऱ्या सुळ्याच्या वाटेत जाऊन बसतात.

मोठ्यांमध्ये कारणं वेगळी. वरच्या ओठाचा पडदा जाड असून दोन दातांच्या मध्ये खाली उतरलेला असतो. बाजूचा दात जन्मतःच नसतो किंवा खुंटीसारखा बारका असतो. मधोमध हाडात एखादा जादा दात दडलेला असतो. गिळताना जीभ पुढे ढकलायची सवय असते. पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढल्याशिवाय यातलं बरंच काही दिसत नाही.

पस्तिशी-चाळिशीत अचानक फट पडली असेल तर ती आधी हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हाड खाली गेल्यावर दात फाकतात. आजारी हाडावर रबराचा ताण दिला तर उरलेलं हाडही जातं. नागपुरात याला खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, जोड असते. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत मुरत जातो आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. मी खर्रा खाणाऱ्याला आधी सहा महिने हिरड्यांची ट्रीटमेंट घ्यायला सांगते. तोंड पूर्ण उघडत नसेल तर तारेचा विषयच बाजूला, आधी त्याची तपासणी.

ट्रीटमेंट कोणाकडे घ्यायची? ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एम.डी.एस. केलेल्यांकडे. बोर्डावर नसेल तर विचारा, त्यात लाजायचं काही नाही. खर्च झेपत नसेल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. तिथे वेळ जास्त द्यावा लागतो, पैसे कमी.

दुसरा टप्पा: तार आधी

ब्रॅकेट चिकटवायच्या आठवडाभर आधी दाढांच्या मध्ये निळी किंवा हिरवी छोटी रबरी कडी घालतात. ही फट बुजवणारी नाही, उलट दाढेवर पट्टी चढवायला बारीक फट पाडणारी. पहिल्या दिवशी अडकलेल्या मटणाच्या धाग्यासारखं वाटतं. टूथपिकने काढू नका.

मग ब्रॅकेट, आणि निकेल-टायटॅनियमची बारीक गोल तार. चार-सहा महिने ती दात एका ओळीत आणते. मग चौकोनी तारा, शेवटी स्टीलची. या काळात फट तशीच दिसते, कधी उलट मोठी दिसते, आणि पेशंटचा धीर सुटतो. पण ओळ वाकडी असताना चेन (फट ओढून मिटवणारी रबरी कड्यांची पट्टी) घातली तर ब्रॅकेट तारेवर अडकतात. रबराचा सगळा जोर घर्षणात जातो.

नवी-नवी प्रॅक्टिस असताना मी हीच चूक केली आहे. पेशंट घाईत, मी तिच्याहून घाईत. पुरेशी जाड तार नसताना चेन खेचून लावली. पुढच्या महिन्यात फट गेली होती, पण जागेच्या दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर रेलले होते आणि खालचे पुढचे दात आत वळले होते. ते उभे करण्यात पुढचे पाच महिने गेले.

तिसरा टप्पा: चेन

स्टीलची तार बसली आणि दात तिच्यावर सहज सरकायला लागले की पॉवर चेन येते. एकमेकींना जोडलेल्या रबरी कड्यांची ही पट्टी, प्रत्येक कडी एकेका ब्रॅकेटला अडकवलेली. ही पॉलीयुरेथेनची असते. पहिल्याच दिवशी तिचा निम्म्याहून जास्त ताण उतरतो. महिन्याअखेर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरतो. म्हणून चार आठवड्यांनी बदलावी लागते. "तारीख एक महिना पुढे ढकलता येईल का?" असं फोनवर विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो महिना दात नुसते बसून राहतात, बाकी काही बिघडत नाही, पण ट्रीटमेंट तेवढी लांबते.

पारदर्शक चेन मागू नका. तर्री पोहे खाल्ले की संध्याकाळी ती पिवळी, सावजी रस्सा खाल्ला की केशरी. हळद पॉलीयुरेथेनमध्ये बसते ती ब्रशने जात नाही. करडी किंवा निळी घ्या.

पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखतं, आठवडाभरात शमतं. गोळाभात, खिचडी, पिठलं-भात. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका, कारण त्या ज्या रसायनाला अडवतात तेच हाडाच्या पेशींना कामाला लावत असतं. दात जरासा हलला तर घाबरू नका. तो हलल्याशिवाय सरकणार कसा?

चौथा टप्पा: तुमच्या हातातली रबरं

चेन आम्ही लावतो. वरच्या हुकातून खालच्या हुकात जाणारी गोल रबरं मात्र तुम्हालाच लावायची असतात, आणि इथेच ट्रीटमेंट पुढे-मागे होते. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेला बांधलेलं रबर वरचे दात मागे ओढतं, खालची दाढ पुढे. उलट बांधलं तर उलट. दिशा चुकली तर महिनाभर चुकीच्या बाजूला काम चालतं. म्हणून पहिल्या दिवशी तुमच्याच मोबाइलवर तुमच्याच तोंडाचा फोटो काढून घ्या.

पाकिटावर दोन आकडे असतात. पहिला आतला व्यास इंचात: ३/१६ म्हणजे ४.८ मिमी, १/४ म्हणजे ६.४, ५/१६ म्हणजे ७.९. दुसरा जोर औंसात. साडेतीन औंस म्हणजे साधारण १०० ग्रॅम, साडेचार म्हणजे १२८, सहा म्हणजे १७०. हा जोर रबर आतल्या व्यासाच्या तिप्पट ताणल्यावरचा असतो. म्हणजे १/४ इंचाचं साडेतीन औंसाचं रबर १९ मिलिमीटर ताणलं की १०० ग्रॅम. तुमच्या तोंडातल्या दोन हुकांमधलं अंतर मोजून आम्ही साइज ठरवतो. मैत्रिणीचं पाकीट उसनं घेतलं की हा सगळा हिशेब कोलमडतो. काही पाकिटांवर प्राण्यांची चित्रं असतात. मुलं त्यांच्यात अदलाबदल करतात. कृपया करू नका.

लावायची पद्धत अशी. हात धुवा, आरशासमोर उभे राहा. तोंड अर्धंच उघडा, पूर्ण उघडलं तर गाल घट्ट होतो आणि बोट आत जात नाही. मी मागच्या दाढेपासून सुरुवात करायला सांगते, कारण तीच कठीण जागा. रबर प्लॅस्टिकच्या हुकदार काडीच्या टोकावर घ्या, दाढेच्या हुकाखाली सरकवा, दुसऱ्या हाताच्या बोटाने ते तिथे दाबून धरा. आता काडी पुढे ओढत आणा आणि पुढच्या हुकात अडकवा. काडी बाजूला करताना झटका देऊ नका, रबर ओठावर सटकन बसतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील, रडूही येईल. चौथ्या दिवशी सिटी बसमध्ये उभ्या-उभ्या, आरशाशिवाय लागतं. माझी एक पेशंट मेट्रोत सिताबर्डीला चढून पुढचं स्टेशन येईपर्यंत दोन्ही बाजू उरकते.

दिवसात २० ते २२ तास. जेवताना आणि ब्रश करताना काढा, लगेच परत लावा. जुनं लावू नका. लॅटेक्स ओलं राहून ताण गमावतं, म्हणून निदान दिवसातून दोनदा नवं. एका बाजूचं तुटलं तर दोन्ही बाजूंचं बदला, नाहीतर एकीकडे ताजा ओढा आणि दुसरीकडे थकलेला, आणि दातांची मधली रेघ सरकते. राहून गेलं तर भरपाई म्हणून डबल लावू नका. रबर गिळलं तर ते पोटातून निघून जातं. पण ते घशात गेल्यावर खोकला थांबतच नसेल तर डॉक्टर गाठा. फुगे किंवा हातमोज्यांनी अंगावर पुरळ येत असेल तर आधीच सांगा. लॅटेक्स नसलेली रबरं मिळतात.

आणि नागपूरचा मे महिना. पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवलं की बाहेर पंचेचाळीस, आत त्याहून कितीतरी जास्त. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ केलं खरं, पण उन्हापुढे तेही हरतं. रबर चिकट होतं, मग चिरा पडतात, लावताना तुटतं. घरात कपाटात पाकीट आणि खिशात रोजच्यापुरती चार-सहा रबरं, एवढं पुरे.

खाण्याची यादी मी लांबवत नाही. फुटाळा तलावावरचा भुट्टा दातांनी तोडू नका, दाणे सोलून खा. सावजीची हाडं चोखा, चावू नका. खर्ऱ्यातली सुपारी ब्रॅकेट उखडते. आणि तान्ह्या पोळ्याला घरोघर मिळालेल्या चॉकलेटांचा बोजारा! दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये तुटलेल्या ब्रॅकेटची रांग लागते, दर वर्षी, न चुकता. ब्रॅकेट निघालं की त्या बाजूचं रबर लावायला जागाच उरत नाही.

बाजारातलं "फट बुजवणारं" रबर

आता ते संकट. ऑनलाइन पाकिटं मिळतात, पुढच्या दोन दातांभोवती रबर गुंडाळा आणि तार न लावता फट मिटवा. काही दिवसांत फट मिटतेही. मग एक दिवस रबर दिसेनासं होतं. पेशंटला वाटतं पडलं.

ते पडलेलं नसतं. दाताचं मूळ गाजरासारखं टोकाकडे निमुळतं. घट्ट रबर आपसूक निमुळत्या बाजूला घसरतं, म्हणजे हिरडीखाली. तिथून ते मुळावर चढत जातं आणि वाटेतले तंतू आणि हाड खात जातं. एक्स-रेमध्ये रबर सहसा दिसत नाही, दिसतो तो फक्त हाडाचा खड्डा. दात लांब दिसायला लागतात, हलायला लागतात, हिरडीतून पू येतो. अशा केसमध्ये चांगले, न किडलेले पुढचे दात काढावे लागतात. केसाला लावायचं रबर, दोरा, मैत्रिणीच्या पाकिटातलं रबर, सगळ्याचा परिणाम हाच. कोणी असं लावलं असेल आणि ते सापडत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

फट मिटल्यावर

फट मिटली त्या दिवशी सेल्फी काढून तार काढायला सांगणारे खूप. पण हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखेच असतात. ते महिनोन्महिने दातांना जुन्या जागी ओढत राहतात, आणि पुढच्या दोन दातांतली फट परत उघडण्यात सगळ्यात पटाईत. म्हणून मिटलेली जागा आधी काही महिने तारेनेच आठच्या आकारात बांधून ठेवतो. ओठाचा जाड पडदा कापायचा असेल तर तो फट मिटल्यानंतर. आधी कापला तर जखमेचा वण मध्येच बसतो आणि दातांना जवळ येऊ देत नाही.

तार काढली की दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवतात, आणि वर काढता-घालता येणारा रिटेनर. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर फक्त रात्री, वर्षानुवर्षं. मागच्या तारेखालून दोरा सुईसारखा ओवून साफ करावा लागतो. रिटेनर गरम पाण्याने धुवू नका, आकार जातो. आणि लग्नाच्या पंगतीत तो टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. त्या दहावीतल्या मुलाची फट पुढे अकरा महिन्यांनी मिटली, एकेका रबराने. त्याचा पहिला रिटेनर मात्र चुलतभावाच्या रिसेप्शनमध्ये पत्रावळींबरोबर गेला. दुसरा डबीत ठेवतो, डबीवर आईचा मोबाइल नंबर लिहिलेला आहे.